पोलादावरच्या आगरोधक रंगाचे आयुष्य : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आगरोधक रंग किती वर्षे टिकतो, तो पुन्हा कधी द्यावा आणि मुळात तो कुठे लागतो, या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली पाच निवडून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमची पॅकिंग साहित्याची शेड आहे. आत पोलादी गर्डरवर उभारलेला पोटमाळा आहे. २०१३ साली बांधकाम झाले तेव्हा कॉलम आणि गर्डर यांना एक तासाचा आगरोधक रंग दिला होता. रंग देणाऱ्या एजन्सीने तो इमारतीच्या आयुष्याइतका टिकेल असे सांगितले होते. आता विम्याचा सर्व्हेअर म्हणतो की दहा वर्षे उलटली म्हणजे रंग संपला. रंग दिसायला चांगला आहे. खरे कोणाचे मानायचे?
— एक लघुउद्योजक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दोघांचेही म्हणणे जसेच्या तसे मानता येणार नाही. इमारतीच्या आयुष्याइतका टिकणारा रंग नसतो, आणि दहा वर्षे पूर्ण होताच दुसऱ्या दिवशी निकामी होणारा रंगही नसतो. आपल्या रंगाचे उरलेले आयुष्य त्याच्या वयापेक्षा तो कोणत्या हवेत आणि किती ओलाव्यात राहिला यावर जास्त अवलंबून आहे. असे का, हे समजण्यासाठी तो काम कसे करतो ते आधी पाहू.

पोलाद जळत नाही, पण तापले की त्याचे बळ घटते. आयएस ८०० : २००७ या आपल्या संहितेतील सूत्रानुसार सुमारे २१५ अंश सेल्सिअसपर्यंत पोलादाचे बळ शाबूत धरले जाते आणि ५५० अंशांना ते जवळपास निम्मे उरते. चाचणीच्या भट्टीत जी प्रमाणित आग धरतात तिचे तापमान पाचव्या मिनिटाला सुमारे ५७५ अंश, तिसाव्या मिनिटाला सुमारे ८४० अंश आणि तासाभराने सुमारे ९४५ अंश असते. अशा आगीत उघडा, सडपातळ गर्डर पंधरा-वीस मिनिटांत धोक्याच्या तापमानाला पोचू शकतो. माणसे बाहेर पडेपर्यंत आणि अग्निशमन दलाला आत शिरून काम करता येईपर्यंत हा वेळ लांबवणे, हे या रंगाचे काम आहे.

पोलादावर देतात तो रंग उष्णतेने फुगणारा, म्हणजे इंट्युमेसेंट प्रकारचा असतो. त्यात अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन ही तीन मुख्य द्रव्ये आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन असते. थराचे तापमान साधारण २०० ते २५० अंशांवर गेले की फॉस्फेटमधून आम्ल सुटते, त्या आम्लामुळे पेंटाएरिथ्रिटॉलचा कोळसा होऊ लागतो आणि मेलामाइनमधून निघणारे वायू त्या मऊ कोळशाला फुगवतात. एखाद-दीड मिलिमीटरचा थर अशा रीतीने काही सेंटिमीटर जाडीचा, पावाच्या आतल्या भागासारखा सच्छिद्र होऊन पोलादाभोवती बसतो आणि उष्णता अडवतो. या क्रिया ठरावीक क्रमाने आणि एकमेकींच्या पाठोपाठ व्हाव्या लागतात. तीन द्रव्यांपैकी एक जरी कमी पडले तरी कोळसा फुगत नाही, किंवा फुगतो आणि भुगा होऊन गळून पडतो.

रंगाच्या आयुष्याचा प्रश्न येथेच निर्माण होतो, कारण ही द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात पाण्याला जवळ करणारी आहेत. हवेतला ओलावा वर्षानुवर्षे थरात शिरत राहिला तर पॉलिफॉस्फेटच्या लांब साखळ्या तुटून त्याची विद्राव्यता वाढते, द्रव्ये हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि पाणी लागले तर तिथून धुवून जातात. ऊन लागत असेल तर रेझिन ठिसूळ होऊन केसासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओलावा आणखी आत जातो. याउलट कोरड्या, वातानुकूलित कार्यालयात छताआड दडलेल्या गर्डरवर यांतले जवळपास काहीच घडत नाही. तिथला रंग दहा वर्षे ओलांडून पुष्कळ पुढे जाऊ शकतो.

सर्व्हेअरचा दहा वर्षांचा आकडा हवेतून आलेला नाही. युरोपात या रंगांचे मूल्यमापन ईएडी ३५०४०२-००-११०६ या दस्तऐवजानुसार होते आणि त्यात वापराच्या जागांचे वर्ग पाडलेले आहेत. झेड-२ म्हणजे कोरडी आतली जागा, झेड-१ म्हणजे दमट आतली जागा, वाय म्हणजे पाऊस थेट लागत नाही पण बाहेरची हवा आणि थोडेफार ऊन लागते अशी अर्धउघडी जागा, आणि एक्स म्हणजे पूर्ण उघडी जागा. प्रत्येक वर्गासाठी रंगवलेले नमुने ओलावा, उष्णता, गारवा आणि गरजेनुसार अतिनील प्रकाश यांच्या चक्रांतून काढतात. मग ते भट्टीत घालून पोलाद ५०० अंशांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे ताज्या नमुन्यांशी ताडून पाहतात. हा वेळ ठरावीक मर्यादेपलीकडे घटला नाही तर दहा वर्षांचे कामकाजी आयुष्य गृहीत धरले जाते. आणखी कडक चाचणी दिलेल्या उत्पादनांसाठी २५ वर्षांचेही मूल्यमापन होते. हे आयुष्य म्हणजे उत्पादकाने दिलेली हमी नव्हे आणि रंग निकामी होण्याची तारीखही नव्हे. योग्य उत्पादन निवडण्यासाठी ते एक माप आहे.

माहितीपत्रकांत आणखी एक गल्लत होते आणि ती मला सर्वांत घातक वाटते. आयएसओ १२९४४ या गंजरोधक रंगांच्या मानकात टिकाऊपणाचे वर्ग दिलेले आहेत : सात वर्षांपर्यंत, सात ते पंधरा, पंधरा ते पंचवीस आणि पंचवीसहून अधिक वर्षे. हे आकडे पहिली मोठी डागडुजी लागेपर्यंतचा काळ सांगतात आणि ते पोलाद गंजण्यापासून वाचवण्याबद्दल आहेत. आगीत थर फुगेल की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. 'पंचवीस वर्षे टिकाऊ' असे वाचल्यावर ते कोणत्या चाचणीवरून लिहिले आहे, हे लेखी विचारावे. गंज रोखणारा थर पंचवीस वर्षे धड राहू शकतो आणि त्याच काळात त्यावरच्या फुगणाऱ्या थरातली द्रव्ये पाझरून गेलेली असू शकतात.

आता आपल्या शेडकडे येऊ. कोकणातला पावसाळा, बाजूंनी अर्धवट उघडी शेड, पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला साचून टपकणारे दव आणि जवळ खाडी असेल तर खारी हवा, हे सगळे लक्षात घेता आपली जागा झेड-२ नक्कीच नाही. ती झेड-१ किंवा वाय मानणे योग्य ठरेल. २०१३ साली वापरलेला रंग कोरड्या आतल्या जागेसाठीच तपासलेला असेल आणि त्यावर योग्य टॉपकोट, म्हणजे ओलावा अडवणारा सर्वांत वरचा थर, दिलेला नसेल, तर दहा वर्षे होण्याची वाट न पाहताच त्याबद्दल शंका घ्यायला हवी होती. तो वाय वर्गाचा असेल आणि टॉपकोट धड असेल, तर मोठा भाग आजही कामाचा असण्याची चांगली शक्यता आहे.

म्हणून आधी कागद शोधावेत : उत्पादनाचे नाव, चाचणीचा अहवाल, प्रत्येक सेक्शनसाठी, म्हणजे कॉलम-गर्डरच्या प्रत्येक आकारासाठी, किती जाडी लागते त्याचा तक्ता, काम संपल्यावर घेतलेल्या डीएफटी म्हणजे सुक्या थराच्या जाडीच्या नोंदी, आणि प्रायमर (पोलादावरचा पहिला, गंज रोखणारा थर) व टॉपकोट कोणते होते त्याची नोंद. जाडी सगळीकडे सारखी नसते. ज्या सेक्शनचा आगीला सामोरा जाणारा परीघ मोठा आणि छेदाचे क्षेत्रफळ लहान, तो लवकर तापतो आणि त्याला जाड थर लागतो, त्यामुळे एकाच शेडमधल्या जाड कॉलमला अर्धा मिलिमीटर पुरू शकतो आणि बारीक ब्रेसिंगला, म्हणजे तिरक्या आधारांना, त्याच्या कितीतरी पट जाडी लागू शकते. सगळीकडे एकच जाडी लिहिलेला अहवाल दिसला तर हिशेब केलेलाच नाही असे समजावे. यांतला एकही कागद मिळाला नाही तर रंग कितीही चांगला दिसत असला तरी एक तासाचे संरक्षण सिद्ध करायला आपल्या हाती काही नाही, आणि या एका मुद्द्यावर सर्व्हेअरची शंका रास्त आहे.

त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करावी, आणि ती डोळ्यांच्या उंचीवर न करता कॉलमच्या पायथ्यापासून करावी. फरशी धुताना उडणारे पाणी, हातगाडीचे धक्के आणि बेस प्लेटभोवती साचणारा ओलावा यांमुळे खालचा फूट-दीड फूट भाग सर्वांत आधी जातो. तिथे बोट फिरवल्यावर पांढरट, किंचित चिकट भुकटी लागली तर द्रव्ये बाहेर येऊ लागली आहेत असे धरावे. नखाने दाबल्यावर थर मऊ लागला, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला किंवा फोड फोडल्यावर आत पाणी आणि तांबूस प्रायमर दिसला, तर तेवढा भाग गेलेला आहे. मग वर जाऊन पन्हळीखालचे सांधे, पत्र्याच्या गळतीखालचे गर्डर आणि पोटमाळ्याच्या कडेचे बीम पाहावेत. नंतर कोणी केबल ट्रेसाठी क्लॅम्प आवळला असेल किंवा ब्रॅकेट वेल्ड केला असेल तर तिथे हातभर लांबीचा रंग जळालेला किंवा खरवडलेला सापडतो. उघडे पडलेले पोलाद तिथून उष्णता आत घेते, म्हणून असे लहान डागही सोडू नयेत.

दुरुस्तीसाठी सबंध शेड खरवडण्याची गरज बहुधा पडणार नाही. खराब भाग पक्क्या थरापर्यंत काढावा, गंज साफ करून तोच प्रायमर द्यावा, शक्यतो त्याच उत्पादनाचे थर देऊन जाडी भरून काढावी आणि वरून टॉपकोट द्यावा. उत्पादन बदलायचे असेल तर नवा रंग जुन्यावर चालतो असे उत्पादकाकडून लेखी घ्यावे. हे काम पावसाळ्यात करू नये. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतले दव जमू लागते त्यापेक्षा) किमान तीन अंशांनी जास्त नसेल, तर रंगाखाली ओल अडकते. ऑगस्टमध्ये घाईने पाण्यावर आधारित रंग मारला तर तो नवा असतानाच बिघडलेला असतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आपण दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचे नमुना 'ब' प्रमाणपत्र देतच असाल. त्यासाठी येणारा माणूस बहुतेक वेळा पंप, होज आणि अलार्म पाहून जातो. रंगाची पाहणीही त्याच भेटीत करून लेखी नोंद घ्यायला सांगावे. पावसाळा संपल्यावर दरवर्षी एकदा आपण स्वतः पाहावे आणि चार-पाच वर्षांतून एकदा जाडी व चिकटपणा मोजून घ्यावा, असा माझा सल्ला आहे. सर्व्हेअरलाही या नोंदी दाखवता येतील.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या प्रवेशदालनात आगरोधक रंग दिलेले उघडे पोलादी कॉलम आहेत. मागच्या दिवाळीत रंगकाम करताना कंत्राटदाराने त्यांवर ऑइल पेंटचे दोन हात मारले. त्याच्या मते वरून रंग दिल्याने संरक्षण वाढते. तसे असते का?
— व्यवस्थापक, एक खासगी रुग्णालय, पुणे

उत्तर : संरक्षण वाढत नाही, कमी होण्याची शक्यता मात्र असते. फुगणाऱ्या थरावर टॉपकोट हवाच, कारण तो ओलावा अडवतो, पण तो उत्पादकाने तपासून मंजूर केलेला आणि सांगितलेल्या जाडीचाच हवा. चुकीच्या रंगातले द्रावक खालचा थर मऊ करू शकते, आणि कडक, जाड कवच झाले तर आतल्या थराला वेळेवर फुगता येत नाही. दोन हातांनी फारसे बिघडले नसेल. पण दर तीन-चार वर्षांनी दोन हात असे चालू राहिले तर इनॅमलचे कवच वाढत जाते. जुन्या इमारतींत हे नेहमी पाहायला मिळते, कारण रंगाऱ्याला तो खांब इतर खांबांसारखाच दिसतो.

येथे मोजमापाचा एक फसवा भाग आहे. डीएफटी मीटर पोलादापासून पृष्ठभागापर्यंतची एकूण जाडी दाखवतो. मीटरवर १.४ मिलिमीटर आले म्हणून आगरोधक थर १.४ मिलिमीटर आहे असे होत नाही. त्यात प्रायमर, जुना टॉपकोट आणि आता मारलेले ऑइल पेंटही मोजले गेलेले असते. मूळ काम झाल्यावर प्रायमरची आणि आगरोधक थराची जाडी वेगवेगळी नोंदवलेली असेल तर वजाबाकी करता येते. नोंद नसेल तर जाणकाराकडून एखाद-दुसऱ्या आडोशाच्या जागी ठरावीक कोनात बारीक खाच पाडून घ्यावी. भिंगातून त्या खाचेत थर एकाखाली एक वेगळे दिसतात, प्रत्येकाची जाडी मोजता येते आणि खाच नंतर भरून घेता येते.

ऑइल पेंटचे नाव आणि थरांची संख्या कळवून मूळ रंगाच्या उत्पादकाकडून लेखी मत घ्यावे. तोपर्यंत आणखी रंग देऊ नये आणि घाईने खरवडूही नये, कारण खरवडताना खालचा थर निघतो. हे कॉलम पुढे लाकडी किंवा जिप्समच्या आवरणात झाकायचा विचार असेल तर थर फुगायला पुरेशी मोकळी जागा ठेवावी लागते. ती किती, ते उत्पादकच सांगेल. प्रत्येक कॉलमवर वरच्या बाजूला 'यावर आगरोधक रंग आहे, परवानगीशिवाय रंग देऊ नये' अशी लहान पट्टी लावून ठेवावी. हॉस्पिटलमध्ये रंगारी, इलेक्ट्रिशियन आणि फर्निचरवाले दर वर्षी नवे असतात आणि त्यांना कोणी फाईल दाखवत नाही.

प्रश्न : साइटवर मी आगरोधक रंगाचा एक पोपडा काढून लायटरवर धरला. तो छान फुगला. एवढ्यावरून रंग चांगला आहे असे म्हणता येईल का? कॉलमवरच छोटी गॅस टॉर्च धरून पाहिले तर?
— एक तरुण साइट इंजिनिअर, नागपूर

उत्तर : पोपडा फुगला नसता तर रंग बिघडला आहे असे खात्रीने म्हणता आले असते. तो फुगला म्हणून रंग तासभर टिकेल, असे मात्र म्हणता येत नाही. लायटरच्या ज्योतीत सुटा पोपडा काही सेकंदांत सर्व बाजूंनी तापतो. आगीत तोच थर पोलादाला चिकटलेला असतो, हळूहळू तापतो, फुगल्यावर गरम हवेचे झोत सोसतो आणि गर्डर वाकू लागला तरी त्याला धरून राहावे लागते. फुगण्याइतकेच चिकटून राहणे महत्त्वाचे आहे आणि ते लायटरने कळत नाही.

वापरातल्या इमारतीत कॉलमवर टॉर्च धरू नये. तेवढ्या जागेचा थर कायमचा खर्ची पडतो, धूर होतो, आणि वर फॉल्स सीलिंगमध्ये काय आहे ते आपल्याला दिसत नसते. खरी तपासणी करायची तर चिकटपणासाठी पुल-ऑफ चाचणी, म्हणजे थर ओढून काढायला किती जोर लागतो ते मोजणारी चाचणी, घ्यावी आणि इमारतीच्या वेगवेगळ्या भागांतून खरवडलेले नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. तापवताना वजन कोणत्या टप्प्यावर किती घटते हे ताज्या रंगाशी ताडून पाहिले की कोणते द्रव्य कमी झाले याचा अंदाज येतो. रंगवलेली लहान पोलादी पट्टी भट्टीत तापवून पट्टीच्या तापमानाची चढण मोजणे त्याहून विश्वासार्ह. पूर्ण आकाराच्या घटकांच्या अग्निचाचणीची सोय आपल्या देशात मोजक्या ठिकाणी आहे. रुरकीची केंद्रीय भवन अनुसंधान संस्था त्यांपैकी जुनी आणि नावाजलेली.

आपण तरुण आहात आणि पुढे अनेक साइटवर काम कराल, म्हणून एक सवय सुचवतो. नवे काम चालू असताना त्याच रंगाने, त्याच दिवशी, त्याच हाताने पाच-सहा लहान पोलादी पाट्या रंगवून घ्याव्यात आणि त्या गर्डरच्या शेजारीच, सर्वांत दमट कोपऱ्यात टांगून ठेवाव्यात. दर चार-पाच वर्षांनी एक पाटी काढून प्रयोगशाळेत द्यावी. इमारतीला धक्का न लावता रंगाच्या वयाचा खरा हिशेब मिळतो आणि खर्च किरकोळ येतो. हे आपल्याकडे फारसे होत नाही याचे मला वाईट वाटते, कारण अशा पाट्या सर्वत्र असत्या तर कोकण, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या हवेत कोणता रंग किती टिकतो याची आपली स्वतःची माहिती जमली असती. आज आपण युरोपच्या हवेसाठी ठरवलेल्या वर्गांवरून अंदाज बांधतो.

प्रश्न : आमची सात मजली आरसीसी इमारत आहे. एक विक्रेता पार्किंगमधल्या सगळ्या कॉलमना आगरोधक रंग देण्याचा आग्रह करतो. गरज आहे का?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर : काँक्रीट धड असेल तर बहुधा नाही. आरसीसीमध्ये सळ्यांना आगीपासून वाचवण्याचे काम त्यांवरचे काँक्रीटचे कव्हर करते. किती तासांच्या अग्निरोधासाठी किती कव्हर आणि घटकाची किमान जाडी किती, हे आयएस ४५६ : २००० मध्ये दिलेले आहे. आपल्या कॉलमचे कव्हर सुटून सळ्या दिसत असतील तर आधी त्याची दुरुस्ती करावी. सुटलेल्या कव्हरवर रंग मारून काही साधत नाही. याला एक अपवाद आहे. मागे कधी कॉलम किंवा बीमना बाहेरून पोलादी पट्ट्या किंवा कार्बन फायबर चिकटवून मजबुती दिली असेल, तर चिकटवणारे इपॉक्सी बऱ्याच कमी तापमानाला, अनेकदा शंभर अंशांच्याही आत, मऊ पडते. अशा जागी आगीपासून संरक्षण लागते का, हे मजबुतीचे डिझाइन करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारावे.

प्रश्न : वाईजवळ आमचा जुना वाडा आहे. सागवानी खांब आणि तुळया तशाच ठेवून तिथे पर्यटकांसाठी निवास सुरू करायचा आहे. लाकडाचे रूप झाकले जाऊ नये म्हणून पारदर्शक आगरोधक वॉर्निश देण्याचा विचार आहे. ते किती वर्षे चालेल?
— वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : लाकडावरच्या वॉर्निशचे काम पोलादावरच्या रंगापेक्षा वेगळे आहे. लाकडाच्या पृष्ठभागावर ज्वाळा पसरण्याचा वेग कमी करणे हा त्याचा मुख्य उपयोग. तुळई उभी राहते ती तिच्या जाडीमुळे, कारण बाहेरचे लाकूड जळून झालेला कोळसा आतल्या लाकडाला काही काळ झाकतो. घट्ट जातीच्या लाकडासाठी युरोपीय संहिता हा जळण्याचा वेग मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर धरते. त्या हिशेबाने अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने साधारण दीड सेंटिमीटर लाकूड जाईल. आपल्या वाड्यातल्या जाड खांबांना ते सोसवेल. पातळ फळ्या, जिन्याच्या पायऱ्या आणि नक्षीच्या कमानी यांना नाही. वॉर्निशचा खरा फायदा या पातळ भागांनाच आहे.

टिकण्याच्या बाबतीत पारदर्शक प्रकार सर्वांत नाजूक समजावेत. ओल्या फडक्याने रोज पुसणे, तेलाचे पॉलिश करणे आणि हाताने सतत घासले जाणे यांनी ते लवकर झिजतात. चौकाकडेच्या खांबांवर पावसाचे शिंतोडे येत असतील तर तिथे आतल्या जागेसाठी बनवलेले वॉर्निश काही पावसाळ्यांतच पांढरट पडू लागेल. जिन्याचा कठडा आणि दारांच्या चौकटी दर वर्षी तपासाव्यात. माजघराच्या वरच्या तुळया आत, कोरड्या आणि हाताबाहेर असल्याने त्यांवर ते पुष्कळ टिकते. अनेक वर्षांचे तेलपाणी पिऊन बसलेल्या सागावर कोणताही थर नीट चिकटत नाही आणि सागाच्या अंगच्या तेलानेही अडचण वाढते, म्हणून जुने पॉलिश पूर्ण उतरवून, लाकूड कोरडे झाल्यावर आडोशाला हातभर जागेवर आधी नमुना लावून पाहावा. उत्पादकाकडे सागावर केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा, कारण पाइन किंवा प्लायवूडवरच्या चाचणीचा निकाल सागाला तसाच लागू होत नाही.

निवास सुरू करताना खर्चाची मर्यादा असेल तर वॉर्निशच्या आधी जुनी वायरिंग पूर्ण बदलावी, स्वयंपाकघर लाकडी भागापासून पक्क्या भिंतीने वेगळे करावे, प्रत्येक खोलीत धूर ओळखणारा अलार्म बसवावा आणि वरच्या मजल्यावरून उतरायला दुसरी वाट करावी. वाड्याला बहुधा एकच लाकडी जिना असतो आणि वर झोपलेल्या पाहुण्यांना दुसरा रस्ता नसतो. हे सगळे झाल्यावर वॉर्निशसाठी जो पैसा उरेल तो आधी त्या जिन्याच्या खालच्या बाजूला आणि जिन्याभोवतीच्या फळ्यांना लावावा.